निमफाचा पत्ता

लागुंदीच्या धक्क्यावर पाय ठेवला त्याच दिवशी निमफानं आपल्या नवऱ्याला मारून टाकलं. तोंडानंच, पण टाकलं.

बोटीतून उतरली तेव्हा तिच्या एका हाताला चार वर्षांची लेक होती, दुसरा हात फडक्यानं गळ्यात बांधलेला, आणि काखेत कपड्यांचं बोचकं. धक्क्याला लागूनच्या शेडमध्ये बायका कालवं फोडत बसल्या होत्या. त्यातली सगळ्यात थोरली पोर्सिंग. तिनं हातातलं काम न थांबवता या बाईला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"नवरा कुठंय गं तुझा?"

"बुडाला," निमफा म्हणाली. "मासे मारायला गेला तो आलाच नाही परत."

"आणि हाताला काय झालं?"

"पडले."

पोर्सिंगनं मोडलेल्या मनगटाकडे एकदा पाहिलं, पोरीकडे एकदा पाहिलं आणि शेजारचा पाट पायानं पुढे सरकवला. "बस, दाय. एका हातानं फोडता येतात का बघू."

दाय म्हणजे धाकट्या बहिणीला मारायची हाक. त्या हाकेवर निमफा तिथे बसली ती अकरा वर्षं तिथंच बसली. फिलिपिन्समधल्या नेग्रोस बेटाच्या किनाऱ्यावरचं हे गाव लहान. सगळ्यांना सगळ्यांचं ठाऊक. पण निमफा कातालबासचं जेवढं तिनं सांगितलं तेवढंच ठाऊक. ती विधवा, तिकडे मास्बाते बेटावरची, आणि तिची लेक लीझेल. नोव्हेंबरात मृतांचा दिवस आला की सगळं गाव स्मशानात जेवणाचे डबे घेऊन जायचं. निमफाला तिथं थडगं नव्हतं, म्हणून पोर्सिंग आपल्या नवऱ्याच्या थडग्यावरच एक जादा मेणबत्ती लावायची आणि मोठ्यानं म्हणायची, "ही एलिसेओसाठी. देव त्याच्या आत्म्याला शांती देवो." निमफा मान खाली घालून आमेन म्हणायची. एलिसेओ तेव्हा मास्बातेत गुरांच्या बाजारात दलाली करत होता, खाऊनपिऊन ठणठणीत होता, आणि बायको सापडली तर तिचं दुसरंही मनगट मोडीन असं दारूच्या गुत्त्यात सांगत होता. हे निमफाला तिच्या मावशीकडून अधूनमधून कळायचं. तेवढ्यापुरता तिचा त्याच्याशी संबंध उरला होता. तो कुठे आहे हे तिला माहीत, आणि ती कुठे आहे हे त्याला माहीत नाही. तिचं सगळं सुख या एका गोष्टीवर उभं होतं.

मग एका डिसेंबरात वादळ आलं आणि किनाऱ्यावरच्या झावळ्यांच्या झोपड्या उचलून घेऊन गेलं. निमफाचीही गेली. मायलेकी शेडच्या मागच्या पडवीत, कालवांच्या शिंपल्यांच्या ढिगाशेजारी राहू लागल्या. वास असा की लीझेलच्या शाळेच्या गणवेशातून तो जाईना.

शहरातल्या बिशपांच्या हाताखाली एक संस्था होती, सान रोके आसरा. वादळात घर गेलेल्यांना ती संस्था सिमेंटच्या विटांची दोन खोल्यांची घरं बांधून देत होती. जमीन चर्चची, सामान देणगीतलं, आणि राबायचं ज्याचं त्यानं. लागुंदीच्या चर्चच्या सभागृहात अर्ज घेणं सुरू झालं तेव्हा पोर्सिंगनं निमफाला जवळजवळ ढकलतच पाठवलं. "लाज कसली? देवाच्या दारी मागायचं, माणसाच्या नाही."

अर्ज घ्यायला सिस्टर अम्पारो आली होती. साठीची, जाड चष्म्याची, बोलायला गोड. नाव, गाव, काम, सगळं लिहून झालं आणि गाडी नवऱ्यावर अडली.

"विधवा म्हणता, तर मृत्यूचा दाखला लागेल."

"तो बुडाला, सिस्टर. दाखला नाही."

"मग मास्बातेच्या कचेरीतून आणा. आम्हीही मागवू शकतो. किंवा नवरा जिवंत असेल तर त्याची सही."

निमफा उठून उभी राहिली. "राहू द्या मग."

सिस्टरनं तिचा हात धरला, तोच, वाकडा सांधलेला. तिच्या ध्यानात काहीतरी आलं असावं. तिनं तिला बाजूच्या खोलीत नेलं, दार लावून घेतलं, खिडकीही लावली. "सांग. इथं तू, मी आणि देव."

अकरा वर्षं जे कुणाला सांगितलं नव्हतं ते निमफानं त्या खोलीत सांगितलं. मनगट कसं मोडलं, का मोडलं, लेक कशी पलंगाखाली लपायची, बोट कशी पकडली. रडली नाही. बाजारात मालाचा भाव सांगावा तसं सांगितलं. सिस्टर मात्र डोळे पुसत लिहीत होती.

"हे लिहायलाच हवं का?"

"दाखल्याच्या जागी काहीतरी कारण लागतं गं."

"आणि जातं कुठं हे?"

"कपाटात. किल्ली माझ्याकडे."

निमफानं खाली सही केली. वरती बारीक अक्षरात इंग्रजीत काय होतं ते तिनं विचारलं नाही, सिस्टरनंही सांगितलं नाही.

घर मंजूर झालं. टेकडीच्या वाटेवर, चर्चच्या मागे. सकाळी कालवं, दुपारनंतर विटा. मायलेकींनी वाळू चाळली, सिमेंट कालवलं, शेडमधल्या बायका आळीपाळीनं हाताला आल्या. गवंड्यानं दाराची चौकट बसवली तेव्हा निमफानं त्याला आतून दोन अडसर बसवायला लावले. "चोर येणार आहेत का तुझ्याकडे?" तो हसला. "दोनच बसव," ती म्हणाली.

मध्ये एकदा शहरातून जोवितो नावाचा एक तरुण आला. संस्थेची प्रसिद्धी तो बघायचा. त्यानं विटा वाहताना तिचे फोटो काढले. "देणगीदारांना काम दिसलं पाहिजे, मनांग," तो आदबीनं, थोरल्या बहिणीला म्हणावं तसं म्हणाला. काम दिसायला काय हरकत? तिनं पदरानं, म्हणजे गळ्यातल्या टॉवेलानं, तोंड पुसलं आणि उभी राहिली.

गृहप्रवेशाच्या दिवशी सकाळी पोर्सिंग नव्या फ्रॉकमध्ये, तोंडाला पावडर लावून, धापा टाकत पडवीत आली. तिच्या चेहऱ्याचा रंग पावडरीतूनही उतरलेला दिसत होता.

"दाय, वेशीवर ये जरा."

गावात शिरायच्या रस्त्यावर दोन नारळांच्या मध्ये एक फ्लेक्स ताणून बांधला होता. त्यावर घामेजलेली निमफा, डोक्यावर वीट. खाली ठळक अक्षरांत, गावाच्याच बोलीत, पहिलीतल्या पोरालाही वाचता यावं असं: निमफा कातालबास, लागुंदी. मारकुट्या नवऱ्याच्या तावडीतून तुमच्या प्रेमाच्या छायेत. त्याखाली सगळं होतं. मास्बाते होतं, मनगट होतं, पलंगाखालची लेक होती. लेकीचं नाव होतं.

मराठीत आपण म्हणतो, अब्रू वेशीला टांगली. निमफाची खरोखरच टांगली होती, चार कोपऱ्यांना दोऱ्या लावून.

शाळेला निघालेली पोरं खाली उभी राहून मोठ्यानं वाचत होती. लीझेल त्यांच्या मागे उभी होती. ती वळून आईला म्हणाली, "माझ्या शाळेचं नावसुद्धा छापलंय, नानाय." आवाज अगदी सपाट.

निमफाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं फ्लेक्सची एक दोरी धरून ओढली; गाठ पक्की होती, सुटेना. "कोयता आणा," ती म्हणाली. पण तेवढ्यात संस्थेची पांढरी गाडी, मागे देणगीदारांची दुसरी गाडी, अशी वरात धुरळा उडवत त्याच फ्लेक्सखालून गावात शिरली आणि टेकडीकडे गेली. निमफा तशीच अनवाणी त्यांच्या मागे धावली. जोवितोला गाठून जाब विचारायचा, एवढंच तिच्या मनात होतं.

घरासमोर मांडव होता, भांड्यांतून शेवया, केळीच्या पानांवर तांदळाची गोड वडी, एका बाजूला ध्वनिक्षेपक. संस्थेचे प्रमुख फादर रेनांते पांढऱ्या झग्यात हसतमुख उभे होते. निमफा धापा टाकत पोचली ते त्यांना बरोबर वेळेवर आल्यासारखंच वाटलं. त्यांनी तिचा खांदा धरून तिला पुढे घेतलं.

"आज देव आपल्या निमफाला दोन भेटी देणार आहे," ते ध्वनिक्षेपकात म्हणाले. "एक घर. आणि दुसरा घरधनी."

गाडीचं दार उघडलं. इस्त्रीचा पांढरा सदरा, केसांना तेल, हातात जपमाळ. एलिसेओ उतरला.

देणगीदारांनी टाळ्या वाजवल्या. फोन वर झाले. गावातल्या एकाही बाईनं टाळी वाजवली नाही. त्यांना एवढंच कळत होतं की ज्याच्या नावानं दर नोव्हेंबरात मेणबत्ती जळते, तो मेलेल्यातून उठून इस्त्रीचा सदरा घालून आलाय.

एलिसेओनं येऊन गुडघे टेकले. "मी बदललोय, निमफा. देवाच्या साक्षीनं सांगतो." मग लीझेलकडे हात पसरून, "बाळा, बापाला ओळखलं नाहीस?"

लीझेल आईच्या मागे सरकली. पंधरा वर्षांची उंच मुलगी, पण चार वर्षांची असताना सरकायची तशीच.

निमफाचं वाकडं मनगट ठणकायला लागलं. तिनं फादरांच्या हातातून ध्वनिक्षेपक काढून घेतला. तिचा आवाज कर्ण्यातून सगळ्या टेकडीवर गेला.

"याला कुणी सांगितलं?"

"मुली," फादर हळूच म्हणाले, "क्षमा ही..."

"मी क्षमेचं विचारत नाहीये. माझा पत्ता याला कुणी दिला ते विचारतेय."

 उत्तर जोवितोनं दिलं, आणि दिलं ते मोठ्या कौतुकानं. संस्थेच्या इंटरनेटवरच्या पानावर त्यानं निमफाची गोष्ट टाकली होती. परदेशात नोकरी करणाऱ्या आपल्या लोकांना ती फार भावली. त्यात कॅनडातली एक नर्स निघाली एलिसेओची चुलत बहीण! तिनं ते त्याला पाठवलं. मग त्यानं संस्थेला पत्र लिहिलं, असं पत्र की वाचून फादरांच्या डोळ्यांत पाणी आलं. "आम्ही त्यांच्याशी दोन महिने बोलतोय, मनांग. तुम्हाला आधी सांगितलं असतं तर चमत्कार कसला राहिला असता?"

"दोन महिने," निमफा म्हणाली. "दोन महिने मी या दाराला रंग देत होते."

तेवढ्यात पोर्सिंग गर्दीतून पुढे आली. बेतानं फ्रॉक सावरत ती एलिसेओसमोर जाऊन उभी राहिली.

"ऊठ रे. तू मेलायस."

"काय?"

"अकरा वर्षं माझ्या पैशाच्या मेणबत्त्या जाळल्यात तुझ्या नावानं. अख्ख्या गावानं प्रार्थना केलीय. आता जिवंत व्हायचं म्हणतोस? लाज वाटत नाही? चल, जिथून आलास तिथं जा."

शेडमधल्या बायका तिच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. नव्या कपड्यांतल्या, ओठ रंगवलेल्या, आणि कालवांच्या कडांनी कापून कापून राकट झालेल्या हातांच्या. त्यांनी त्याला कुणी मारलं नाही, शिवीही दिली नाही. नुसता वेढा घातला आणि चालायला लागल्या. मध्ये सापडलेल्या माणसाला चालण्यावाचून इलाज नव्हता. फादर मागून "बायांनो, बायांनो" करत राहिले.

निमफा शेवटपर्यंत त्यांच्याबरोबर धक्क्यावर गेली. बोटीत पाय टाकताना एलिसेओ तिच्याजवळ वाकला. जपमाळ खिशात गेली होती. तो तिला एकटीलाच ऐकू जाईल असं म्हणाला, "घर छान आहे गं. वाटही सोपी आहे."

घराची किल्ली फादरांच्या हातात तशीच राहिली. निमफा पडवीत परत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर अम्पारो एकटीच आली. शिंपल्यांच्या ढिगाशेजारी उभी राहिली, बसायला कुणी सांगितलं नाही.

"मी तुझ्या अर्जावर लाल शाईनं लिहिलं होतं निमफा. कुणाला सांगू नये म्हणून."

"कुणी वाचलं ते?"

"सगळ्यांनीच." सिस्टर शिंपल्यांकडे बघत म्हणाली. "कपाटाची किल्ली माझ्याकडेच आहे. खोटं नाही बोलले मी. पण तिथले कागद नंतर कॉम्प्युटरवर चढवतात, आणि तो कचेरीत सगळ्यांना उघडा असतो. माझ्या डोक्यातच आलं नाही की..."

"तुमच्या डोक्यात कशाला येईल?" निमफा कालव फोडत होती, पात्याचा फटका नेहमीपेक्षा जोरात बसत होता. "तुम्हाला कुठं कुणी शोधतंय?"

सिस्टरनं चष्मा काढून पुसला. मग म्हणाली, "आणखी आहे. पुढच्या महिन्यात इसिद्राची गोष्ट टाकणार आहेत. तिचा क्षय. त्याच्या पुढच्या महिन्यात त्या म्हाताऱ्या फेलिपेची, तुरुंगातल्या मुलाची."

इसिद्रा तिथंच चार पाटांपलीकडे बसली होती. तिच्या हातातलं कालव पाण्यात पडलं. शेजारच्या बाईला तिचा क्षय ठाऊक नव्हता. आता झाला.

"हेच, सिस्टर," निमफा म्हणाली. "तुम्ही लोक दुःख सांगायला आलात तरी कुणाचं तरी गुपित सांडून जाता."

निमफा शहरात गेली. बरोबर पोर्सिंग, आणि न बोलावता इसिद्राही. सान रोके आसऱ्याची कचेरी थंडगार, भिंतीवर ओळीनं हसऱ्या गरिबांचे फोटो. फादर रेनांतेंनी कॉफी मागवली. ते वाईट माणूस नव्हते. म्हणजे आपण वाईट असू शकतो हा विचार त्यांना कधी शिवलेला नव्हता.

"तुझी सही आहे मुली. माहिती संस्थेच्या कार्यासाठी वापरता येईल, असं तिथं लिहिलंय."

"कार्य म्हणजे घर बांधणं, असं मला वाटलं."

"देणगीदारांना कळायला नको का, पैसा कुणासाठी जातो?"

"मग त्यांना छप्पर दाखवा. भिंती दाखवा. माझं मनगट कशाला दाखवता?"

"माणसांची मनं हलतात त्यानं."

"फादर, पापाची कबुली ऐकता तुम्ही. ती लावता का फ्लेक्सवर?"

"ते वेगळं. तो संस्कार आहे."

"बंद दाराआड सांगायच्या दोन जाती असतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सिस्टरनं तर खिडकीसुद्धा लावली होती."

जोवितो मध्येच म्हणाला, की आता काढून काय होणार, लोकांनी ते कुठल्या कुठे पोचवलंय. पोर्सिंग उठली आणि त्याच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली. "पोरा, तुझ्या आईची माहिती आहे का रे या कॉम्प्युटरात? नाही? तिला काय झालंय, बाप कसा वागवतो तिला? घाल ना. लोकांची मनं हलतील."

त्यानं तिच्यासमोर ते पान पुसलं. पण फ्लेक्सबद्दल, एलिसेओला दिलेल्या पत्त्याबद्दल, पुढच्या गोष्टींबद्दल फादर एकच म्हणत राहिले, "हेतू शुद्ध होता." जाताना त्यांनी किल्ली पुढे केली. "घर हवं ना तुला? मग कटुता कशाला?"

निमफानं किल्लीकडे पाहिलं. तिला वाटलं, या किल्लीनंच त्यांच्या गालावर ओरखडा काढावा. तिनं हात मागे घेतला.

तक्रार सिस्टर अम्पारोनंच लिहून दिली. लोकांची खासगी माहिती सांभाळण्याचा कायदा देशात आहे, आणि त्यासाठी राजधानीत एक सरकारी कचेरी आहे, हे तिनंच शोधलं. साक्षीदार म्हणून स्वतःचं नाव घातलं. "तुम्हाला काढतील तिथून," निमफा म्हणाली. "काढू देत," सिस्टर म्हणाली. निमफानं तिला माफ केलं असं नाही. पण त्या दिवशी बसायला पाट दिला.

राजधानीतून नोटीस आली तशी बिशपांच्या घरात धावपळ झाली. आणि एका रविवारी फादर रेनांते स्वतः लागुंदीच्या चर्चमध्ये मिस्सा करायला आले. प्रवचनानंतर त्यांनी घडी केलेला कागद काढला आणि वाचला. संस्थेच्या सेवाकार्यात नकळत कुणाचं मन दुखावलं असेल, तर आम्ही नम्रपणे दिलगिरी व्यक्त करतो.

निमफा मागच्या बाकावरून उठली. चर्चमध्ये असं मध्येच कुणी उठत नाही. सगळ्या माना वळल्या.

"मन नाही दुखावलं, फादर," ती म्हणाली. ओरडली नाही, त्या शांततेत ओरडायची गरज नव्हती. "पत्ता दिलात तुम्ही माझा."

फादरांनी कागदावरून नजर वर केली. क्षणभर वाटलं, आता हा माणूस सरळ बोलेल. दोनच शब्द हवे होते, 'मी दिला.' ओठ हललेही त्यांचे. पण त्यांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि म्हणाले, "आपण उभे राहून श्रद्धा प्रकट करू या."

सगळं चर्च उभं राहिलं. मागच्या दोन बाकांवरच्या बायका बसून राहिल्या. निमफा तेवढी उभी होती. ती खाली बसली.

निकाल लागायला वर्ष गेलं. संस्थेला सगळ्या गोष्टी, सगळे फोटो काढून टाकावे लागले, अर्जदारांना त्यांचे कागद परत द्यावे लागले, दंडही बसला. इसिद्राची गोष्ट कधी छापली गेली नाही. जोवितोला हलवलं; तो आता बिशपांच्या रेडिओवर बोलतो. फादर रेनांते मोठ्या चर्चमध्ये गेले. सिस्टर अम्पारोला डोंगरातल्या मठात पाठवलं, तिथं ती लहान मुलांना बाराखडी शिकवते. शिक्षा कुणाला झाली म्हणाल तर बहुतेक तिलाच.

किल्ली निमफानं शेवटी घेतली ती पोर्सिंगमुळे. "घर काय त्या पाद्र्याच्या बापाचं आहे? विटा तू वाहिल्यास. मूर्खासारखी वासात मरू नकोस."

"तुला माझ्यावर राग नाही आला?" निमफानं तेव्हा विचारलं. "इतकी वर्षं खोटं बोलले. मेणबत्त्या लावल्यास तू."

"हात बघूनच कळलं होतं मला सगळं. तो बुडाला नव्हता हे काय मला ठाऊक नव्हतं?" पोर्सिंग म्हणाली. "मी मेणबत्ती लावायची ती, त्यानं बुडावं म्हणून."

एलिसेओ एकदा आला. दुपारी, बायका शेडमध्ये असताना. पायरीवर बसून त्यानं दारावर टकटक केली, लीझेलला गोड हाका मारल्या, मग लाथा घातल्या. दोन्ही अडसर टिकले. लीझेल आत पातेलं बडवत राहिली तोवर टेकडीवरची माणसं धावली. गावच्या कॅप्टननं, म्हणजे तिथल्या सरपंचानं, त्याला बांधून पोलिसांत दिलं. कोर्टानं त्याला लागुंदीत पाऊल टाकायला बंदी केली. सुटल्यावर तो मास्बातेला परतलाच नाही. मावशी म्हणते, गुरांच्या बाजारातही दिसत नाही. कुठे असतो कुणाला माहीत नाही.

म्हणजे सगळं उलटं झालं. आता ती कुठे आहे हे त्याला माहीत आहे, आणि तो कुठे आहे हे तिला माहीत नाही. सरकारी निकालाच्या कागदात याची भरपाई कुठल्याच ओळीत नाही. निमफा बाजारात निघाली की आधी वळणापर्यंत बघून घेते. पांढरा सदरा दिसला की थबकते. अकरा वर्षांत जी सवय मोडली होती ती पुन्हा जडली.

लीझेलनं शाळा बदलली. दोन गावं पलीकडची, रोज उकाड्यात जीपमधून जाते. जुन्या शाळेत पोरं पलंगावरून चिडवायची, पण तिनं कारण वेगळंच सांगितलं. "त्यांनी छापलंय त्यातली निदान एक गोष्ट तरी खोटी होऊ दे, नानाय."

सान रोके आसरा अजून घरं बांधते. अर्ज घ्यायला हल्ली एक नवी तरुण मुलगी येते. ती येते त्या दिवशी निमफा शेडमधून सुट्टी घेते आणि सभागृहात अर्जदाराच्या शेजारी खुर्ची टाकून बसते. कुणी बोलावलेलं नसतं. परवा एक म्हातारा समोर होता.

"मुलगा जवळ का राहत नाही तुमच्या?" मुलीनं विचारलं.

म्हातारा तोंड उघडणार तेवढ्यात निमफानं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "छप्पर गळतं का ते विचार त्यांना. गळतं. लिही."

"पण हे रकाने भरावेच लागतात, मनांग. वर पाठवायचं असतं."

"वर म्हणजे कुठं?"

"वर... कचेरीत."

"कचेरीत कुणाकडे? तो माणूस ते कुणाला दाखवतो? किती दिवस ठेवतो?"

मुलगी गोंधळली. "ते मला नाही ठाऊक."

"मग विचार. आम्ही बसलोय."

मुलीनं रांगेकडे पाहिलं, निमफाच्या तोंडाकडे पाहिलं आणि फोन उचलला. पलीकडे घंटी वाजत राहिली. म्हाताऱ्यानं पाय लांब केले. रांगेतलं कुणीही कुरकुरलं नाही.